खिडकीचं गाणं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगायचं पक्कं केलं होतं. तोंड उघडलं, आणि मग मोसंबी सोलत बसलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखणाऱ्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे हो — आणि ते नाव कसं झालं, तेच सांगायचंय.

आधी गाण्याबद्दल सांगतो. नाही, पळवाट काढत नाही. त्याशिवाय पुढचं कळायचंच नाही.

नव्वदच्या दशकातलं सुरत. मी पांडेसऱ्यात कामगारांच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कारकून होतो. आजूबाजूला सगळ्या कापड रंगवायच्या डाइंगच्या मिल आणि लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, आणि त्यांत राबणारी बरीचशी माणसं आमच्या खानदेशातली. आठवड्यातून एक दिवस त्या भागाची वीज बंद असायची. त्या दिवशी लूम थांबायचे आणि अचानक माणसांचे आवाज ऐकू यायचे. त्याच दिवशी, दुपारी, एका लहानशा लूमखात्यात रतनचा कार्यक्रम असायचा. शेठ गाण्याचा शौकीन होता, किल्ली देऊन मोकळा व्हायचा.

वीज नाही, मग गाणं कसं? ट्रकची बॅटरी. तिच्यावर अँप्लिफायर, त्याला एक भोंगा, आणि रतनचा इलेक्ट्रिक बेंजो — तो बटणांचा असतो ना, लग्नाच्या बँडमध्ये वाजतो तो. साथीला एक जण ढोलकवर आणि एक जण रंगाच्या रिकाम्या पिंपावर. एवढंच. सिनेमातलं गाणं रतन वाजवायचा नाही. कोणी फर्माइश केली तर म्हणायचा, "ते रेडिओले सांग." स्वतःची गाणी, अहिराणीत. बॉयलरवर, मुकादमावर, नळावरच्या भांडणावर, धुळ्याच्या एसटीवर. स्वतः रंगखात्यात कामाला, त्यामुळे नखं कायम निळी नाहीतर लाल. ती रंगीत बोटं बटणांवर पळायला लागली की मी खिडकी, साहेब, सगळं विसरायचो. खरं सांगतो, तसं मला नंतर कशानंच झालं नाही.

आणि तिथली मारामारीही मला आवडायची. हे आत्ताच सांगून टाकतो. दोन लूमच्या मधल्या बोळात दीडशे माणसं उभी राहायची. नाचायला जागा कुठे? मग ढकलायचं. कोपर मारायचं, पाठीवर बुक्की घालायची, लोखंडी कडेवर कोणाचं तरी कपाळ फुटायचं, तो हसत हसत रक्त पुसायचा आणि परत घुसायचा. आठवडाभर साहेबांची आणि मुकादमाची बोलणी खाल्लेली माणसं होती ती. मी तर इस्त्रीच्या शर्टातला कारकून — पण सगळ्यांत जोरात मीच ढकलायचो. एकदा एका अनोळखी माणसाला मी मानेवर मारलं. त्याला कळलंच नाही कोणी मारलं. घरी जाताना मला काय मजा वाटली होती! तेव्हाच स्वतःची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

रतनची एक पद्धत होती. शेवटचं गाणं तो गर्दीतल्या एका माणसाचं नाव घेऊन रचायचा. त्याची खोड, त्याचं काम, त्याचं गाव. ज्याचं नाव यायचं त्याला खांद्यावर उचलायचे, आठवडाभर चहाच्या टपरीवर त्याचंच गाणं चालायचं. मी दीड वर्षं वाट पाहिली. रतन माझा दोस्त होता, बॅटरी मी त्याच्याबरोबर वाहून आणायचो, पहिल्या रांगेत उभा राहायचो. तरी माझं नाव काही येईना. वय तिशीचं आणि हट्ट असा! विचारायची मात्र लाज वाटायची.

आता खिडकी.

एके दिवशी सकाळी खिडकीशी एक बाई आली. डोक्यावरून पदर, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. म्हणाली, "मन्हा हात भाजाई गया रे भाऊ, कागद कोठे भेटी?"

मला कळलं नाही का? ही तर माझ्या आईची भाषा. पण आमचे वडील शिक्षक, घरात अहिराणीचा शब्द निघाला की थोबाडीत बसायची. पुढे मार थांबला, सवय राहिली. आणि त्या क्षणी माझ्या मागे आमचे गुजराती साहेब उभे होते. मी मान वर न करता गुजरातीत म्हणालो, "मासी, समजातुं नथी. हिंदीमां बोलो." तिनं तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, जणू मी बहिरा आहे. मी मागच्या माणसाला पुढे बोलावलं. ती बराच वेळ भिंतीशी उभी होती. मग दिसली नाही. हात तसाच घेऊन गेली.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा? नाही हो. हा तर लहान होता.

पुढच्या बंदच्या दिवशी रतननं नवं गाणं काढलं. एक माय दवाखान्याच्या खिडकीशी जाते, भाजलेला हात दाखवते, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, मला कळत नाही. माय म्हणते, बाबा, तुझ्या नाकाखाली खानदेशी मिशी आहे, तुझ्या डब्यातून कळण्याच्या भाकरीचा वास येतोय, मग तुझी जीभ कोणी नेली? — असं ते गाणं. ती बाई रतनची आई होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, ती गावाहून नुकतीच आली होती.

गाण्यात नाव नव्हतं. रतनला ठाऊकच नव्हतं. आईनं "खिडकीतला माणूस" एवढंच सांगितलं असणार, आणि दवाखान्यात खिडक्या होत्या चार. मी त्या दवाखान्यात आहे हे त्याला माहीत होतं, तरी त्याच्या डोक्यात आलं नाही की तो मी असेन. विलास असं करील? शक्यच नाही! तो माझ्याकडे बघून हसत होता. भुवया उडवून सांगत होता, धर ना ध्रुवपद.

आणि मला वाटलं, सगळ्यांना कळलंय. दीडशे माणसं माझ्याकडे बघून हसतायत. पहिल्या रांगेत उभं करून मला नागडं केलंय. शेवटी माझंच गाणं आलं होतं की — फक्त नावाशिवाय.

लोक पिसाळले. "काढा त्याले खिडकीमाईन भाईर!" असं ओरडायला लागले. मागून लोंढा आला. हिरामण म्हणून एक लूम कारीगर होता, दांडगा, नाचताना लूममधला धोटा काढून हवेत फिरवायची त्याची सवय. धोटा म्हणजे वीतभर लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. त्या दिवशीही त्यानं तो फिरवला, कोणाच्या तरी डोक्याला लागला आणि खरी मारामारी पेटली. कोणी कोणाच्या छातीवर गुडघा दिला, कोणी कानाला चावलं, भोंगा खाली आला, बॅटरी कलंडली. शटर अर्धं ओढलं गेलं आणि आत अंधारल्यासारखं झालं. ढोलकवाल्याच्या तोंडातून रक्त येत होतं. रतन पडला. बेंजो त्यानं उजव्या हातानं छातीशी धरला होता आणि डावा हात जमिनीवर टेकून उठायला बघत होता. ती बोटं माझ्या बुटापासून हातभर अंतरावर होती. पंजा पसरलेला, नखं निळी.

माझ्या शेजारच्या लूमवर धोटा होता. मी तो उचलला आणि मारला.

कितीतरी वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो, एकदाच मारला. रागाच्या भरात, एकदा. खोटं आहे ते. तीनदा मारला. पहिल्यांदा हाड वाजलं ते ऐकू आलं. दुसऱ्यांदा रतन किंचाळला. तिसऱ्यांदा — तिसऱ्यांदा मी नीट नेम धरला. मग धोटा होता तिथे परत ठेवला. नीट, आडवा, कारीगर ठेवतात तसा.

त्यानं माझा चेहरा पाहिला नाही, तो जमिनीकडे बघत होता. आणि मग मी ओरडलो. "हिरामननी मारं! रतनले हिरामननी मारं!"

लक्षात आलं का तुमच्या? अहिराणीत ओरडलो. शाळा सोडल्यापासून चार लोकांत मी ती भाषा बोललो नव्हतो. काय खणखणीत आली, एकही शब्द अडला नाही!

पुढचं काम लोकांनी केलं. हिरामणच्या हातात धोटा होताच, आणखी पुरावा कशाला? त्याला लूमवर पालथा पाडून मारलं. चपलांनी, पट्ट्यांनी, पिंपाच्या झाकणानं. तो सारखा म्हणत होता, "मी नही रे भो, माय नी आन, मी नही." त्याचा जबडा सरकला तसे ते शब्दही कळेनासे झाले. मीसुद्धा दोन लाथा घातल्या. कमरेत. न घालताही चाललं असतं, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. तरी घातल्या.

मग मी रतनला उचलून रिक्षात घातलं. माझा शर्ट फाडून त्याचा हात बांधला. रुग्णालयात अर्ज मी भरला, डॉक्टरांशी गुजरातीत मी बोललो, रक्त दिलं तेही मी. रतनची आई आली. तिच्या स्वतःच्या हाताला अजून फडकं होतं. तिला धीर द्यायला मी म्हणालो, "माय, घाबरू नको, बरा व्हई जाई तो." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले ते अहिरानी येस रे भाऊ."

बस, एवढंच. मुलाला तिनं काही सांगितलं नाही, कधीच नाही. तिनं खिडकीतला माणूस ओळखला होता. आणखी काही ओळखलं होतं का? ती माझ्या हातचं पाणी प्यायची नाही, एवढं मला माहीत आहे. ती जाऊनही आता खूप वर्षं झाली.

रतनची दोन बोटं वाकली नाहीत ती नाहीतच. तिसऱ्यात जोर नाही. बेंजो त्यानं काही दिवस मांडीवर घेऊन पाहिला, मग खोळीत घालून फळीवर टाकला. रंगखात्यातल्या घागरी उचलणं जमेना म्हणून झाडूकामावर गेला. गाणं मात्र सोडलं नाही. उजव्या हातानं पिंप वाजवतो आणि गातो. लोक अजून येतात. पण ते बोटं पळणं — ते पुन्हा कधी झालं नाही. पांडेसऱ्यातली जुनी माणसं अजून म्हणतात, रतनच्या बेंजोसारखा बेंजो नाही. मी मान डोलावतो.

हिरामणला कोणी कामावर ठेवेना. एका कानानं बहिरा झाला. काही वर्षांनी तो मला कामरेजच्या चौफुलीवर दिसला, उसाच्या रसाच्या गाडीवर चरक ओढत होता. माझ्याबरोबर ऑफिसची माणसं होती. त्यानं मला पाहून हात वर केला. रागानं नाही — ओळखीचा माणूस म्हणून! जबडा एका बाजूला वाकडा होता, तसाच हसला. मी सोबतच्यांना म्हणालो, इथला रस चांगला नसतो. आणि आम्ही पुढे गेलो.

आता माझ्या नावाचं सांगतो.

हात मोडल्यानंतर पहिला कार्यक्रम झाला तेव्हा रतननं शेवटचं गाणं माझ्यावर रचलं. सगळे पळाले तेव्हा विलासभाऊ थांबला. अंगावरचा सदरा फाडला, रक्त दिलं, आणि बोलला तर मायच्या बोलीत बोलला. दीड वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हे. मला खांद्यावर उचललं. वरून मला दिसलं, भिंतीशी त्याची आई उभी होती, ती टाळ्या वाजवत नव्हती. मी काय केलं? हात जोडले सगळ्यांना. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. खोटा नाही, अगदी मनापासून झाला.

ते गाणं त्यानं कधी सोडलं नाही. आता आमची दोघांचीही साठी उलटलीय. गेल्या महिन्यात पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. पन्नास-साठ खुर्च्या, एक माइक, तेच पिंप. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, माझी नात शेजारी. शेवटी रतननं माझं नाव घेतलं. गाताना तो डावा हात वर करतो, दोन बोटं ताठ असलेला, आणि तो हात माझ्याकडे करतो. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतो.

नातीनं मला कोपरानं ढोसलं. मी ध्रुवपद धरलं. चांगल्या, मोकळ्या आवाजात, एकही शब्द न चुकता.