वेष्टन धरून

पाथर्डीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात नगरचे हृदयाचे डॉक्टर व्हिडिओवर पेशंट पाहायचे, आणि नेमक्या महत्त्वाच्या वाक्याला त्यांचा आवाज तुटायचा. मी तिथं नर्स होते. तक्रार केल्यावर इंटरनेट दुरुस्त करायला भिंगारहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. राउटरला लॅपटॉप जोडून त्या आकडे तपासू लागल्या.

"हा राउटर डेटाच्या पुडक्यातला नुसता माल मोजतो," त्या म्हणाल्या. "वर पत्त्याबित्त्याचं वेष्टन चढतं, ते धरतच नाही. मग लाईनला झेपत नाही इतकं सोडतो, आणि आवाज मागं अडकतो."

त्यांनी राउटरला प्रत्येक पुडक्याच्या मापात वेष्टनाचंही माप धरायला लावलं.

तेवढ्यात एका आजोबांचा नंबर लागला. डॉक्टर पडद्यावरून स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाबा, ऑपरेशन टाळता येणार नाही."

आजोबांनी बाईंकडे पाहिलं. "आधीचंच बरं हुतं की."

"व्हय," बाई म्हणाल्या. आपला लॅपटॉप मिटून त्या आजोबांशेजारी बसल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, ऑपरेशन कसं करतात ते यांना सावकाश सांगा."

आजोबा अर्धा तास प्रश्न विचारत राहिले. बाईंची एसटी केव्हाच निघून गेली होती.