हेरन्स संघाची तहहयात यजमान माता

सदर व्यक्तीचे नाव मिल्ड्रेड होव्हानेक. वास्तव्य : गिरणीमागचा रस्ता, कार्व्हर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया. उंची बेताची, आवाज उंचीच्या मानाने जास्त. वैवाहिक स्थिती : विधवा. अपत्य एक, तेही ॲरिझोनात. ओळखीची खूण : डोक्यावर हेरन्स संघाची निळी टोपी, ती चर्चमध्ये काढली जाते, दंतवैद्याकडे काढली जात नाही. पद : यजमान माता, कार्व्हर्स फोर्ड हेरन्स बेसबॉल संघ. नेमणूक संघाच्या मालकांनी भर मैदानात, ध्वनिक्षेपकावरून, टाळ्यांच्या कडकडाटात केलेली असून ती तहहयात आहे. कर्तव्ये : दर हंगामात संघातील एका खेळाडूस वरच्या मजल्यावरची खोली देणे, त्यास जेवू घालणे, सामना हरल्यास त्याच्याशी न बोलणे, जिंकल्यास जास्त बोलणे. मोबदला : होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे दोन खुर्च्या. पैकी एक कै. स्टॅन्ली होव्हानेक यांची असल्याने तीवर सदर व्यक्ती पर्स ठेवते.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. कागदाची गिरणी चालू होती तोवर नदीत मासे नव्हते, त्यामुळे बगळेही नव्हते, आणि नावाला कुणाची हरकत नव्हती. मग गिरणी बंद पडली, पाणी निवळलं आणि खरोखरीचे बगळे आले. मैदानाच्या कुंपणापलीकडे ते एका पायावर उभे राहून सामना संपायची वाट बघत. गावातल्या जुन्या माणसांना ते लक्षण काही ठीक वाटलं नाही.

बेसबॉलच्या जिन्याची अगदी खालची पायरी म्हणजे असले संघ. मोठ्या शहरांनी पारखायला धाडलेली विशीतली पोरं जूनमध्ये येतात. सप्टेंबरात काही वरच्या पायरीवर जातात, बाकीची घरी. पगार असा की खोली भाड्याने घेतली तर जेवण सोडावं लागेल. म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेत. मिल्ड्रेडच्या खोलीत त्या उन्हाळ्यात एल्पिडियो होता. डोमिनिकन, डावखुरा पिचर म्हणजे चेंडूफेक्या, हात लांब आणि भूक त्याहून लांब. तो तिला ‘दोन्या मिल्ड्रेड’ म्हणे, म्हणजे त्याच्या स्पॅनिशमध्ये मिल्ड्रेडबाई. तिने केलेलं कोबी-नूडल्स खाताना तो डोळे मिटून घेई. ते आवडीने की सहनशक्तीने, हे तिने कधी विचारलं नाही.

स्टॅन गेल्यापासून वर्षाचे उरलेले महिने मिल्ड्रेड या चार महिन्यांच्या भरवशावर ढकलत आली होती. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

जुलैच्या मध्यावर मैदानावर पिवळे कागद दिसू लागले.

बोटभर लांबीचे, एका बाजूने चिकट, वर काळ्या शाईत आकडा. पहिला दिसला पॉपकॉर्नच्या यंत्रावर. मग खेळाडूंच्या कपाटांवर, सामन्यात वाजवायच्या ऑर्गनच्या बाकावर, धावफलकाच्या घड्याळावर. कोण चिकटवतं ते कुणी पाहिलं नव्हतं. एक अनोळखी माणूस, करड्या कोटातला, दोन-तीन सामन्यांना येऊन गेला होता. तो खेळ सोडून छपराकडे बघत बसे. दिव्यांच्या एका खांबावरचे दिवे गेले ते कुणी बदलले नाहीत. उजव्या कोपऱ्यात अंधाराचा एक तुकडा तयार झाला आणि प्रत्येक सामन्यागणिक तो थोडा पुढे सरकतोय असं वाटे.

“रंगकाम असेल,” लोक म्हणत. पॉपकॉर्नचं यंत्र कोण रंगवतं, हे कुणी विचारलं नाही.

न विचारण्याला कारण होतं. बेसबॉलमध्ये एखाद्या पिचरने समोरच्यांना सामनाभर एकही हिट, म्हणजे धाव घेण्याजोगा फटका, मिळू दिली नाही, तर तो मोठा पराक्रम. पण तो पुरा होईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही, आकडा मोजायचा नाही, फलकाकडे बोट दाखवायचं नाही. बोललं की मोडतं. सगळा देश हे पाळतो, कार्व्हर्स फोर्ड जरा जास्त पाळतं, आणि तिथे ते पाळलं जातंय की नाही हे मिल्ड्रेड पाळते. एकदा आठव्या डावात फादर कोवाचिक सहज म्हणून गेले, “अरे, यांना अजून एकही हिट नाही वाटतं?” पुढच्याच चेंडूवर हिट गेली. मिल्ड्रेड मागे वळून फक्त बघत राहिली. फादर तेव्हापासून पलीकडच्या स्टँडमध्ये बसतात, आणि तिचं पापनिवेदन ऐकायला दुसऱ्या गावच्या पाद्र्याला बोलावतात.

तर संघाच्या बाबतीतही गावाने हाच नियम लावला. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आलं होतं की हायवेलगतच्या कुठल्याशा गावात नवीन मैदान उभं राहतंय आणि हेरन्सच्या मालकांना तिथलं आमंत्रण आहे. लोकांनी ते पान वाचलं, घडी घातली आणि पेपर पालथा ठेवला.

शेजारचा अर्ल टॉमचिक तेवढा नियमात कच्चा होता. निवृत्त न्हावी. उभा जन्म लोकांच्या कानाशी बोलण्यात गेलेला.

“मिली, ते पिवळे कागद...”

“अर्ल, तोंड आवर.”

“अगं मी फक्त म्हणतोय...”

“तेच नको म्हणतेय मी. जे काही म्हणतोयस ते.”

“माझ्या खुर्चीलाही एक चिकटवलाय! चाळीस वर्षं बसतोय मी तिच्यावर.”

“मग आकडा तुझ्या वजनाचा असेल. बस खाली. आपली बॅटिंग आहे.”

अर्ल बसला. थोड्या वेळाने खुर्चीखाली हात घालून त्याने तो कागद नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

ऑगस्टात एल्पिडियो न्याहारीला खाली आला तो अंड्यांकडे न बघता उभाच राहिला. पोरं घरी जाताना बॅटा, बूट, जाड कपडे एका पेटीत भरून मिल्ड्रेडच्या माळ्यावर ठेवून जात. परत येणार म्हणून. परत कुणी येतच असे असं नाही, पण पेटी राहत असे.

“दोन्या, मॅनेजर सांगत होता, या वर्षी गावात काही ठेवू नका.”

“का?”

“कारण नाही सांगितलं. मी विचारलं तर म्हणाला, तू चेंडू टाक.”

मिल्ड्रेडने तव्यावरची अंडी उलटली. उलटायची नसतात तीही उलटली.

“पेटी माळ्यावर ठेव,” ती म्हणाली. “डावीकडे. उजवीकडे छप्पर गळतं.”

“पण दोन्या, समजा संघच...”

“एल्पिडियो!” ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडे अर्लचं कुत्रं भुंकलं. मग हळू आवाजात म्हणाली, “बाळा, या घरात ते वाक्य पुरं करायचं नाही. खा.”

त्याने पेटी डावीकडे ठेवली.

हंगाम संपला त्या आठवड्यात नगर परिषदेने जाहीर सभा बोलावली. मैदान गावाच्या मालकीचं. लीगचं, म्हणजे सामने भरवणाऱ्या मंडळाचं, म्हणणं होतं, नवे दिवे, नवी न्हाणीघरं करा. मालकांचं म्हणणं होतं, गावाची इच्छा दिसली तर आम्ही थांबू. इच्छा दिसते का, ते बघायला ही सभा.

सभागृह गच्च भरलं. उभं राहायला जागा नव्हती. जवळजवळ सगळ्यांनी हेरन्सच्या टोप्या घातल्या होत्या, आणि त्याही आतली बाजू बाहेर काढून, शिवण वर, लेबल कपाळावर. संघ पिछाडीवर असला की बाजी उलटावी म्हणून स्टँडमध्ये सगळे असंच करतात. इतक्या उलट्या टोप्या एकत्र कुणीच पाहिल्या नव्हत्या. आवाज म्हणाल तर खोकल्याचाही नाही. पहिल्या रांगेत मिल्ड्रेड होती, शेजारच्या खुर्चीवर पर्स, पलीकडे अर्ल.

परिषदेचे अध्यक्ष पेरी हे विम्याचं काम करणारे सज्जन गृहस्थ, ओहायोहून आलेले. ते गोल्फ खेळत. त्या खेळात गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं असतं.

“मैदानाच्या खर्चाबाबत कुणाला बोलायचंय?” त्यांनी विचारलं.

सभागृह त्यांच्याकडे बघत राहिलं.

मागून एकजण उठला. सामन्यांच्या दिवशी आपल्या हिरवळीवर लोक गाड्या लावतात, असं तो म्हणाला आणि बसला. टोपी न घातलेला तो एकटाच होता.

“आणखी कुणी?”

खिडकीबाहेर मैदानाचे खांब दिसत होते, काळे. मिल्ड्रेडच्या मनात आलं, नववा डाव आहे, शेवटचा. आता फक्त कुणी तोंड उघडू नये. तिने मागे वळून एकदा नजर फिरवली. पलीकडच्या भिंतीपाशी फादर कोवाचिक होते. त्यांनी ओठ मिटून घेतले.

“शेवटचं विचारतो,” पेरी म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला होता. एवढी माणसं अशी बघताहेत याची त्यांना धास्ती वाटू लागली असावी. “गावाला हा संघ हवाय, असं कुणाला म्हणायचंय का?”

अर्ल उठला. पुरता उठला, टोपी हातात घेतली, तोंडही उघडलं. मिल्ड्रेडने पर्सवरून हात लांब करून त्याच्या कोटाचं टोक धरलं आणि खाली ओढलं. अर्ल दाणकन बसला.

“आपल्याला काही म्हणायचं होतं?” पेरींनी विचारलं.

“नाही,” मिल्ड्रेड म्हणाली. “त्याला पाठीचा त्रास आहे.”

पेरींनी हुश्श केलं. एवढे लोक आले, एकानेही बाजू घेतली नाही, टोप्यासुद्धा निषेधाने उलट्या घातल्या; जनतेचा कौल याहून स्पष्ट तो काय असणार. मैदानावर खर्च करण्याचा ठराव परिषदेने एकमताने फेटाळला.

लोक पायऱ्या उतरताना एकमेकांचे हात दाबत होते. कुणी चुकलं नव्हतं. एवढी कडकडीत शांतता गावाने कधीच पाळली नव्हती. मिल्ड्रेड घरी आली आणि वरच्या खोलीतल्या चादरी बदलल्या.

ऑक्टोबरात भरदुपारी ट्रक आले. करड्या कोटातला माणूस हातातल्या कागदावर बघत आकडे पुकारत होता आणि माणसं ती ती वस्तू उचलत होती. पॉपकॉर्नचं यंत्र. ऑर्गनचा बाक. घड्याळ, चालू अवस्थेत. अर्लची खुर्ची खालचे बोल्ट कापून काढली. कुंपणाशी गाव उभं होतं. अजूनही कुणी बोलत नव्हतं. पलीकडे बगळे होते.

“मी उठलो होतो, मिली,” अर्ल शेवटी म्हणाला. कुंपणाची जाळी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

मिल्ड्रेडने त्याच्या कोटाचं तेच टोक हाताने सरळ केलं.

“नाव काढलं असतंस तर मोडलं असतं,” ती म्हणाली.

“हो,” अर्ल म्हणाला. “तेही आहेच.”

हिवाळाभर कुणी विचारलं तर गाव सांगे, संघ बाहेरगावी खेळतोय. मिल्ड्रेडही तेच सांगे. मे महिन्यात तिने खोलीचे पडदे धुतले, जिन्यावरचा दिवा बदलला आणि कोबी आणून ठेवला. यजमान मातेची नेमणूक तहहयात आहे आणि ती आजतागायत कुणी रद्द केलेली नाही.

जूनमध्ये कुणी आलं नाही.