दोन अंगठ्यांचा डबा

सटवाजीच्या उजव्या हाताला अंगठा नाही, हे पोखर्णीच्या शिवारात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. चार बोटांवर गडी ट्रॅक्टर शिकला, चार बोटांवर स्वतःचा घेतला, बौद्धवाड्यातला पहिला. बटणं, गिअर, तंबाखू, सगळं तेवढ्यावरच.

अंगठा गेला तो मालकाच्या, भगवानरावांच्या खळ्यावर, ज्वारीच्या मळणीयंत्रात, पंचवीस वर्षांखाली. पट्ट्यावरचं पत्र्याचं झाकण निघालं होतं. ते बसवा म्हणून सटवाजीनं भगवानरावांच्या पोराला, व्यंकटरावाला, दोनदा सांगितलं. व्यंकटराव म्हणाला, "चलतंय रे सटव्या." चललं ते थेट अंगठ्यापर्यंत. दोन पायल्या ज्वारी मिळाली आणि विषय मिटला.

आता भगवानराव नाहीत. व्यंकटरावानं बैलं विकून चारचाकी घेतली, आणि चारचाकीनं पेरणी होत नसते. म्हणून दर साली सटवाजीला बोलावणं. ट्रॅक्टर आल्यापासून सटव्याचा 'सटवाजीभाऊ' झाला होता, हे सांगायला नको.

तर डबा. सटवाजीची लेक संघप्रिया पुण्याला कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. मागच्या साली डब्यातलं डिझेल टाकीत सोडायला सटवाजीनं नळी तोंडानं ओढली, घोटभर गिळलं आणि दोन दिवस परभणीच्या दवाखान्यात डिझेलचे ढेकर देत पडला. लेकीनं शपथ घातली, आणि वर हा डबा पाठवला. लाल, जाड, वीस लिटरचा, सुरक्षित. जुन्या डब्याला झाकण नव्हतं, तोंडाला चिंधी होती, पण ओतलं की ओतत होता बिचारा. बायकोनं, मालनबाईनं, तो मधोमध कापून कोंबड्यांच्या पाण्याला ठेवला आणि नळी चुलीत घातली. माघारी फिरायची वाटच बंद.

आज पेरणीचा दिवस होता. वाफसा, पेरायपुरती ओल, नेमका आलेला, व्यंकटरावाचं दोन एकर राहिलेलं, आणि पिंगळीकडून आभाळ काळं व्हायला लागलेलं. पाऊस आधी पडला तर आठ दिवस रानात पाय घालता येणार नव्हता, आणि सटवाजीनं तर आजचा शब्द दिला होता. टाकीचा काटा कधीच मेला होता. त्यानं काडी घालून बघितली, काडी कोरडी. डिझेल तुटून नळीत हवा धरायच्या आत त्यानं इंजन बंद केलं आणि डबा काढला. पंपावरच्या माणसानं सकाळी भरून, झाकण कचकून लावून दिला होता.

डबा म्हणजे काय सांगावं! मुठीवर हिरवं बटण, ते उजव्या अंगठ्यानं दाबून धरायचं. त्याच वेळी तोटीचं कडं डाव्या हाताच्या चिमटीत फिरवायचं. बटण सुटलं की तोटी बंद. सटवाजीनं हात बदलून बघितले, तर डाव्या अंगठ्यानं बटण दबलं, पण उजव्या चार बोटांत कडं फिरेना. झाकणच काढावं म्हटलं, तर तेही दाबून फिरवायचं. गुडघा लावला. दात लावले. मग डब्याच्या आईबापांचा उद्धार केला. डब्यातनं थेंब आला नाही. ज्यानं हा डबा केला त्याला एक दिवस काळ्या रानात उभं करायला पाहिजे होतं.

बांधावर व्यंकटराव उभा होता, आभाळाकडं बघत. मेलो तरी ह्याला हात लाव म्हणणार नाही, हे सटवाजीचं मनात ठरलेलं होतं. त्यानं लेकीला फोन लावला.

"बाबा, सोपंय हो. उजव्या अंगठ्यानं दाबून धरा, सोडू नका."

सटवाजीला राग यायला पाहिजे होता, पण छाती भरून आली. ह्या हातानं तिच्या वेण्या घातल्या, तिला सायकल शिकवली, आणि पोरीला बापाला अंगठा नाही हे कधी आठवायची वेळच आली नाही.

"बरं माय, बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

पहिला थेंब त्याच्या कपाळावर पडला.

"सटवाजीभाऊ, होईना का?" व्यंकटरावानं विचारलं.

सटवाजीनं डबा बोनेटवर टेकवला. तो व्यंकटरावाकडं वळला. मग म्हणाला, "या इकडं. अंगठा द्या."

"काय?"

"अंगठा. माझा तुमच्या खळ्यात राह्यला. तुमचा द्या घडीभर."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते बोललं. व्यंकटरावाचं तोंड उतरलं. तो ढेकळं तुडवत आला, चपला काढून पायदानावर चढला आणि बटण दाबलं. सटवाजीनं डाव्या हातानं कडं फिरवलं. डिझेल आलं, करंगळीएवढं.

"सोडायचं न्हाई. सोडलं की बंद होतंय."

वीस लिटर करंगळीच्या धारेनं पडायला किती वेळ लागतो ते व्यंकटरावाला त्या दिवशी कळलं. अंगठा पांढरा पडला, मग लाल झाला.

"लय दुखायलाय हो."

"दुखतंय खरं," सटवाजी म्हणाला.

पावसाचे थेंब तेवढ्यावरच थांबले, आभाळ नुसतंच गुरगुरत राहिलं. डबा एकदाचा रिकामा झाला. खाली उतरताना व्यंकटराव रानाकडं बघत म्हणाला, "झाकण बसवायला पायजे होतं मी." सटवाजीनं मान हलवली आणि इंजन चालू करणार, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं संघप्रिया रडत होती.

"बाबा, मी विसरलेच हो. तुमचा अंगठा…"

"तू इसरलीस ते लय चांगलं झालं माय," सटवाजी म्हणाला. बांधावर व्यंकटराव अंगठा चोळत बसला होता. "ज्याच्या ध्यानात ऱ्हायला पायजे, त्याच्या ध्यानात हाय."