मधूनच थांबायची सोय

तापलेल्या वायरचा वास आला की अजून ती कॉम्प्युटरची परीक्षा आठवते. ब्याऐंशीच्या गिरणी संपात नवऱ्याची मिल गेली म्हणून मी, नववी शिकलेली, तान्ही पोर शेजारणीकडे ठेवून दादरला कॉम्प्युटर शिकायला जायचे. परीक्षेत माझा प्रोग्रॅम त्याच त्या ओळींत फिरतच राहिला, थांबेचना, पास झाले तरच नोकरी, आणि पोरीच्या दुधाची वेळ होऊन पदर ओला झालेला. शिकवणारे सरच देखरेखीला होते, त्यांना विचारलं, "सर, मधूनच थांबायची आज्ञा नाय का यात?" "नाही, आणि नसावीच. कॉम्प्युटरची भाषा छोटी बरी." मी म्हटलं, "आमच्या ह्यांच्या मागाला होती ना, धागा तुटला की आपोआप थांबायचा." सर म्हणाले, "मग धागा तुम्हीच धरा, बाई. दर फेरीला बघा, तुटलाय का." एका खुणेला धागा मानून दर फेरीला ती तपासायला लिहिलं, प्रोग्रॅम थांबला, पास झाले. सरांचं बरोबर असेल, पण ती सोय भाषेतच पाहिजे. सर जवळ होते म्हणून निभावलं, एकट्या घाबरलेल्या माणसाला एवढा लांबचा रस्ता कुठून सुचणार.