झडती एकदाच झाली

प्रयागबाई पत्रावळी टाचायची बांबूची काडी दातात धरून बोलायच्या. त्यामुळे त्यांचं बोलणं ओठांच्या एकाच कोपऱ्यातून यायचं. चहात साखरेबरोबर चिमूटभर मीठ टाकायच्या. शिंक आली तर हातातलं पान टाकून द्यायच्या. त्यावर कोणाला तरी जेवायचं आहे, म्हणायच्या. माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायच्या, मग तोंडाकडे. रस्त्यावरून ट्रक गेला की ड्रायव्हरकडे त्यांचं लक्ष नसायचं, शेजारी बसलेल्या क्लीनरकडे असायचं. ट्रक उभा असेल तर त्या क्लीनरला गाव विचारायच्या. पोरगं आपलं गाव सांगायचं. त्या मान हलवायच्या आणि चालू लागायच्या.

चंद्रभानला हे सगळं आता आठवतं, क्रम सोडून.

जुनी शुक्रवारी या वस्तीत त्याच्या घराला लागूनच त्यांची खोली होती. मराठी घेऊन तो एम.ए. झाला होता आणि नोकरीची वाट बघत होता. दुपारी घरात बसलं की वडील नुसते बघायचे. म्हणून तो पुस्तक घेऊन प्रयागबाईंच्या ओसरीवर जाऊन बसायचा. त्या पळसाच्या पत्रावळी लावायच्या आणि इतवारीतल्या एका दुकानात नेऊन द्यायच्या. "मनातल्या मनात काहून वाचते गा? मले बी आयकू दे," असं एकदा म्हणाल्या. तेव्हापासून तो मोठ्यानं वाचू लागला. पान संपलं की त्या विचारायच्या, "मंग?" एवढ्यावरच दोघांची मैत्री झाली.

त्यांच्या मुलाचं नाव जयवंता. तो ट्रकवर क्लीनर होता. दूरच्या राज्यात एका ढाब्यावर मारामारी झाली, त्यात एक माणूस मेला. ड्रायव्हर पळाला, जयवंता सापडला. तिकडच्याच एका तुरुंगात त्याला ठेवलं. पुढे कैद्यांना दगडाच्या खाणीवर कामाला नेत, तिथून तो पळाल्याचं कळलं. कळलं ते असं, की एका सकाळी दोन शिपाई प्रयागबाईंच्या दारात आले. त्यांनी बाज उलथी केली, पानांच्या गठ्ठ्यात काठ्या खुपसल्या, आणि आला तर ठाण्यात सांग, असं बजावून गेले. त्यानंतर पोलीस आले नाहीत आणि जयवंताही आला नाही.

तो तिथंच आत मेला असावा आणि कागदावर फरार झाला असावा, असं गल्लीतल्या जुन्या लोकांना वाटायचं. प्रयागबाईंच्या तोंडावर कोणी ते बोललं नाही. त्यांच्या लेखी तो पळाला होता, आणि पळालेला माणूस कुठंतरी असतो.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या महादेवरावांनी टीव्ही घेतला आणि बुधवारी अर्धी गल्ली त्यांच्या बैठकीत जमू लागली. हिंदी मालिका होती. दिलावर नावाचा कैदी तुरुंग फोडून पळतो, आणि ते पळणं आठवडे न् आठवडे चालतं. प्रयागबाई एरवी कीर्तनालासुद्धा जात नसत. बुधवारी मात्र सगळ्यांच्या आधी सतरंजीवर जाऊन बसायच्या.

लोक बघत कमी आणि चिरफाड जास्त करत.

"आरी आणली कशात? लाडूत!" सायकल दुरुस्तीवाला लहानू म्हणाला. "अन् शिपायानं लाडू दाबून नाही पाह्यला? आमच्या सासरचे लोक बी दाबून पाह्यतेत गा."

सगळे हसले.

"एखांदा पाह्यला असन," प्रयागबाई म्हणाल्या. "सारेच लाडू कोण फोडते?"

"अन् मावशे, गज कापला त्याचा आवाज?"

"गाडी जात असन नं बाजूनं. गाडीच्या आवाजात कापला."

"गाडी कुठं दाखवली पण?"

"सारंच दाखवतेत काय रे!"

पुढच्या बुधवारी दिलावर गटारातून बाहेर निघाला. लहानू मांडीवर थाप मारत ओरडला, "पाहा, पाहा! गटारातून आला अन् शर्टाची घडी मोडली नाही. त्या गटारात धोबी बसते वाट्टे."

"बदलला असन शर्ट," प्रयागबाई म्हणाल्या.

"अन् कुत्रं? कुत्रं काहून नाही भुंकलं?"

"वळखीचं असन. हा त्याले आपल्यातली भाकर टाकत असन रोज."

महादेवरावांची नवी सून गोपिका हसत म्हणाली, "मावशी, तुमी कोणाच्या बाजूनं हाय? पोलिसाच्या का चोराच्या?"

"मी पळणाऱ्याच्या बाजूनं हाय वं."

गोपिका वर्ध्याहून लग्न होऊन नुकतीच आली होती. लहानूनं दुकान टाकून वर्ष झालं नव्हतं. दोघांनाही जयवंता माहीत नव्हता. महादेवरावांना माहीत होता. थट्टा फार पुढे गेली की ते उठायचे आणि चित्र स्पष्ट असलं तरी अँटेना फिरवायला गच्चीवर जायचे. पडद्यावर मुंग्या यायच्या, लोक "बस, बस, तिथंच!" म्हणून ओरडायचे, आणि विषय तुटायचा.

चंद्रभान आपल्या परीनं प्रयागबाईंची बाजू घ्यायचा. "कथेत एवढं चालतं," तो एकदा म्हणाला. "लिहिणारा सोयीचं तेवढं दाखवतो."

घरी परतताना त्या त्याच्यावर चिडल्या. "तू मायाच बाजूनं बोलला, पण वाईट बोलला. सोय कायची गा? खरंच होते असं."

तेव्हा त्याला कळलं की ह्या बाईसाठी ती मालिका नव्हती. दिलावरला भिंत ओलांडता येत असेल, तर जयवंतालाही आली असेल. गल्ली दर बुधवारी हसत हसत जे एकेक भोक दाखवत होती, ते त्या घरी येईपर्यंत बुजवत होत्या.

त्याच सुमारास त्यांचे दीर कवडूभाऊ रामटेककडच्या आपल्या गावाहून आले. धानाची कापणी सोडून आले होते. ओसरीच्या कडेला चंद्रभानशेजारी टेकले, पाणी प्यायले.

"वहिनी, जयवंताले जाऊन बारा वर्सं उलटून गेले. मी महाराजाले विचारून आलो."

"मंग?"

"अंबाळ्याच्या तळ्यावर त्याचं करून टाकू. घरात शुभकार्य अडून राह्यलं. पोरीचं दोनदा जमलं अन् मोडलं."

ज्याचा बारा वर्षं पत्ता नाही, त्याच्यासाठी पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करतात. त्याला अग्नी देतात आणि मग दिवस घालतात. त्यानंतर तो माणूस मेलेल्यांत मोजला जातो, पितृपक्षात त्याचं पान वाढता येतं. हे सांगायची गरज नव्हती. तिथं बसलेल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. प्रयागबाई पानाचा देठ नखानं खुडून मागे टाकत होत्या. मागे ढीग झाला होता. कवडूभाऊंची नजर त्या ढिगाकडे गेली आणि त्यांनी ती चटकन काढून घेतली.

"माया पोरगा जित्ता हाय, भाऊजी."

"असन तर आनंदच हाय नं. आला तर पुन्हा बारसं करू. शास्त्रात हाय तसं."

"बाप्या माणसाचं बारसं?" प्रयागबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या खरोखर हसत होत्या. "पाळण्यात मावन काय तो?"

कवडूभाऊही हसले.

"नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "पोरीचं जमन. तिच्यासाठी मी रामाले नवस बोलीन. पण पुतळा नाही."

कवडूभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी ओट्यावर ठेवलेली तांदळाची पिशवी आत नेऊन ठेवली आणि शेवटच्या बसनं परत गेले.

मालिकेत दिलावर सुटला होता. पोलीस त्याच्या आईच्या घरी आले, बाज उलटली, कणग्या उपसल्या, आणि निघून गेले. प्रयागबाई सतरंजीवर गुडघे धरून बसल्या होत्या. त्या दिवशी लहानू काही बोलला नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. झडती खरीखुरी वाटत होती.

त्यानंतरच्या बुधवारी पुन्हा ते घर दाखवलं. कथेत मधे बरेच महिने गेले होते. आई अंगणात तांदूळ निवडत होती. दारात कोणी नव्हतं.

"हे मात्र एकदम खोटं," गोपिका म्हणाली.

"काय वं?" लहानूनं विचारलं.

"पोलीस एकदाच आले? आमच्या वर्ध्याले एक जण पळाला होता, तर वर्षभर त्याच्या घरच्याइले झोपू नाही देलं. केव्हाबी यायचे. त्याच्या बहिणीच्या लग्नात साध्या कपड्यात पंगतीले बसले होते. पळालेल्याचं घर पोलीस सोडतेत काय कधी?" ती हातातला दाणा तोंडात टाकत म्हणाली, "एकदाच येऊन गेले म्हणजे त्याइले माहीत हाय का तो कधीच येणार नाही."

"बराबर!" लहानू म्हणाला. "इथं फसला लिहिणारा. आता सांगा मावशे, याचं काय?"

सवयीनं सगळे प्रयागबाईंकडे वळले. त्यांचं काहीतरी उत्तर येईल आणि मग हसू, म्हणून सगळ्यांचे चेहरे आधीच हसरे झाले होते.

प्रयागबाई पडद्याकडे बघत होत्या, जिथं आता साबणाची जाहिरात चालू होती. महादेवराव खुर्चीतून उठले, पण गच्चीवर गेले नाहीत. तसेच उभे राहिले.

घरी जाताना त्या हळू चालत होत्या. दाराशी थांबल्या.

"तू एवढ्या कथा शिकला. सांग. पोलीस पुन्हा काहून नाही आले?"

चंद्रभान लगेच बोलला. "मावशी, परराज्यातलं प्रकरण. इथल्या ठाण्याला त्याचं काय? अधिकारी बदलतात. कागद कुठंतरी पडून राहतो. असं पुष्कळदा होतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुले आत्ताच सुचलं नं?"

त्यानं मान हलवली.

"मले बी असंच सुचते," त्या म्हणाल्या. "लगेच."

दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर गेला तेव्हा त्या नेहमीसारख्या पत्रावळी लावत होत्या. पण खुडलेला देठ मागे जात नव्हता. शेजारी सूप होतं. एकेक देठ त्या सुपात ठेवत होत्या, एका दिशेला. त्यानं पुस्तक उघडलं आणि मिटलं. त्यांनी "वाच" म्हटलं नाही.

महादेवरावांनी सुनेला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं होतं. ती वाटीत शिरा घेऊन आली आणि दारातच रडू लागली.

"मले माहीत नव्हतं, मावशी."

"म्हणूनच बोलली तू. माहीत असलेल्याइतलं कोण बोललं मले?" प्रयागबाईंनी वाटी घेतली. "खरं बोलली वं. बस. शिरा केला का खीर? लई पातळ झाला."

गोपिका रडता रडता हसली. प्रयागबाईंनी शिरा तिलाही खायला लावला.

कवडूभाऊंना होकाराचा निरोप चंद्रभानच्या ओळखीच्या बसवाल्याबरोबर गेला. महाराज पुतळा करतात, तुम्ही नुसतं या, असा उलटा निरोप आला. प्रयागबाईंना ते पटलं नाही. "महाराज घाईत बांधते. दुसऱ्याच्या हातचं नको," त्या म्हणाल्या. मग दातातली काडी काढून चंद्रभानकडे बघितलं, आधी पायांकडे.

"उभा राय गा जरा, भितीशी."

"का?"

"तो तुयाएवढाच होता."

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्यांनी सुतळीचं एक टोक त्याच्या टाचेशी पायाच्या बोटानं दाबून धरलं आणि दुसरं डोक्यापर्यंत नेलं. तिथं गाठ मारली. मग खांद्यापासून मनगटापर्यंत एकेक सुतळी मापली, दोन्ही हातांची. शिंप्यासारखं त्यांचं काम चालू होतं. "सरळ उभा राय. वाकला की कमी भरते." त्यांची बोटं त्याच्या खांद्याला लागली तेव्हा खरखरीत आणि थंड लागली. कुठं बघावं ते त्याला कळेना. तो समोरच्या छपराकडे बघत राहिला. आयुष्यात इतकं कोणी आपल्याला निरखून बघितलं नाही, असं त्याला वाटलं, आणि ते बघणं आपल्यासाठी नव्हतं हेही कळत होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "जाय."

पुढच्या बुधवारी त्या टीव्ही बघायला आल्या नाहीत. लहानूलाही एव्हाना कळलं होतं. दिलावर चालत्या गाडीच्या टपावरून उडी मारून पुलावर उभा राहिला, आणि त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

पानं विकायला येणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी हाका मारत होती. उत्तर येईना, म्हणून तिनं चंद्रभानला बोलावलं. प्रयागबाई चटईवर कुशीला वळून पडल्या होत्या. डॉक्टर आले, छातीला हात लावून म्हणाले, झोपेतच गेल्या. महादेवरावांनी गाडीची व्यवस्था केली. गोपिका प्रयागबाईंच्या पायाशी बसून राहिली. कवडूभाऊ दुपारी पोचले.

पुतळा खोलीच्या मधोमध, धुतलेल्या लुगड्यावर ठेवला होता. दोन्ही पाय झाले होते. पोट, छाती झाली होती. देठ ओळीनं जुळवून, पत्रावळीच्या टाक्यासारखे जवळजवळ सुतळीचे वेढे घेतले होते. उजवा हात खांद्याला बांधलेला होता.

कवडूभाऊ त्याच्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही.

डाव्या हाताचे देठ निवडून एका बाजूला मांडलेले होते. मापाची सुतळी त्यांच्याशेजारी सरळ करून ठेवली होती. तो हात बांधायचा राहिला होता.