छापील दराचं कार्ड

रॉकेलचा वास आला की म्हसा गावातलं ते दुकान आठवतं. लढाईची वर्षं होती. भाऊ कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, त्यामुळे त्याच्याशी आमचं बोलणं पोस्टकार्डावरच. दुकानदार रॉकेलच्या डब्याशेजारी कार्डं ठेवी आणि छापील दराहून चढ्या भावानं विकी. "लढाईत सगळंच म्हागलंय, वैनी." आई भडकली, "सरकारनं दर छापलाय, त्याच्यावर चढवनारे तुमी कोन?" आणि तडक मुरबाडच्या पोस्टाकडे चालू लागली. दिवेलागणीला अख्ख्या आळीपुरती कार्डं घेऊन परतली आणि सकाळी ओटीवर बसून छापील दरातच विकली. दुकानदार हसला, "येवढी पायपीट केलीत, ती म्हाग नाय पडली?" आई म्हणाली, "पाय माझे हायत, शेट. कार्डाचा दर तुमचा नाय." आजही कुणी किंमत सांगितली, की मी आधी वस्तू उलटून बघते.