चुलीपाशी ठेवलेली बॅटरी

थंडीनं टॉर्च मंदावला म्हणून सेल उन्हात ठेवले, आणि मुळशीतला चीनच्या लढाईचा हिवाळा आठवला. पंचायतीच्या रेडिओची विटेएवढी बॅटरी गारठली की बातम्यांचा आवाज खोल जायचा. म्हणून आमची सरूआत्या ती रोज दुपारी घरी नेऊन चुलीपाशी ठेवायची. बॅटरीच्या तोंडावरचं डांबर तापून त्याचा वास घरभर सुटायचा. आत्याचा मुलगा शंकर आघाडीवर होता. “हितं बॅटरी गारठती, तितं माझं पोरगं कसं ऱ्हात आसंल?” ती म्हणायची.

एके दुपारी शंकर गेल्याची तार आली. संध्याकाळी पंचायतीत रेडिओचं नावही कुणी काढेना. तेवढ्यात आत्याच पदराखाली बॅटरी घेऊन आली. तिचे कोरडे डोळे पाहून तेव्हा मला रागच आला होता.

“लावा,” ती म्हणाली, “बाकीच्यांची पोरं हायेत अजून तितं.”